तक्रार कुणी केलीच नाही

(यॉर्कशरच्या डोंगरातलं एक गाव, तिथला ‘शटल’ नावाचा पब. दुपारची जेवणं उरकून दार लावून घेतलेलं. काउंटरमागं मालक हेडली. स्वयंपाकघरातून ताटं आणणारी मॉरीन, इथली स्वयंपाकीण. आणि दार लागलं तरी ज्याला कुणी बाहेर काढत नाही असा नॉरिस. त्याच्या स्टुलाखाली त्याची म्हातारी कुत्री.)

मॉरीन : आधी घोट, मग घास, मग परत घोट. पाई आधीच तोंडात कोंबायची नाही.

हेडली : मला शिकवतेस? तीस वर्षं ह्या बिअरच्या पंपाचा दांडा ओढतोय मी.

नॉरिस : आणि तीस वर्षं मी त्या दांड्यापुढं बसलोय. माझ्या कष्टांची कुणाला कदर नाही.

मॉरीन : तुला कुणी बोलावलंय इथं?

नॉरिस : शनिवारी सुगीचं जेवण. अख्खं गाव येणार. बिटर बिअरबरोबर कुठली पाई द्यायची ते ठरतंय, म्हणजे गावाच्या पोटाचा प्रश्न. गावातर्फे मी आलोय.

मॉरीन : गावानं दुसरं कुणी निवडायचं होतं. घे, हेडली. सुरू कर.

हेडली : थांब गं, घाई करू नकोस. आधी उजेडाकडं धरून बघायची. हा बघ रंग. तांबूस, आणि आरपार. पलीकडं नॉरिसचं थोबाड दिसतंय.

नॉरिस : मग जरा जास्तच स्वच्छ आहे.

हेडली : फेस बघ. बोटभर, साईसारखा. तिकडं दक्षिणेत पितात तसलं फेस नसलेलं डबक्याचं पाणी नाही. आता घोट... हां. आधी भाजलेल्या जवाचा गोडवा. मग संत्र्याच्या सालीचा तो वास, काय तो वास! आणि मागनं कडू येतं. सावकाश येतं, जिभेच्या मुळाशी बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. हट्टी पाहुण्यासारखं.

मॉरीन : पाई खा.

हेडली : खातो की... वा. वा, मॉरीन. मांसाची चरबी जिभेवर पसरते न पसरते तोच ते कडू येतं आणि पुसून काढतं. तोंड परत कोरं. दुसऱ्या घासाला तयार. आणि सेज! ह्या वेळी सेजची पानं अगदी बेतात पडलीत. मागच्या वेळी जरा कमी होती.

नॉरिस : सेज?

हेडली : सेज.

नॉरिस : मला दे बरं एक तुकडा. हं... मिरी लागतेय. जायफळ लागतंय. सेज कुठं रे आहे ह्यात?

हेडली : तुला काय कळणार? जन्म गेला बस चालवण्यात, नाकात नुसता डिझेलचा धूर.

नॉरिस : तरी म्हटलं...

मॉरीन : नॉरिस, तू गप्प बस. हेडली, आता चीज. ताटात दोन तुकडे आहेत. एक आपलं इथलं वेन्स्लीडेल, एक माझ्या माहेरचं, लँकशरचं. कुठलं कुठलं ते मी सांगणार नाही. बिटरबरोबर कुठलं बसतं ते तू सांग.

हेडली : आता काय परीक्षा घेतेस का माझी? यॉर्कशरच्या माणसाला वेन्स्लीडेल ओळखायला लावतेस? डोळे झाकून सांगतो.

मॉरीन : झाक मग.

हेडली : झाकले... हे. हे बघ, हे आपलं. भुसभुशीत, दुधाळ, पाठीमागं मधाचं बोट लावल्यासारखं. हे बिटरशी भांडत नाही. आणि हे दुसरं... हं, हे तुमचं. खारट, ओलसर, मनात काहीतरी ठेवून बोलणारं. डोंगरापलीकडच्या माणसांसारखं.

नॉरिस : हेडल्या.

हेडली : काय?

नॉरिस : डोळे उघड. तू आत्ता लँकशरच्या चीजला आपलं म्हणालास.

हेडली : काहीतरीच बोलतोस.

नॉरिस : मी दोन्ही खाल्लीत, दोन-दोनदा. अरे, हे बाहेर कळलं तर क्रिकेटच्या मैदानात मधोमध उभा करून अंडी मारतील तुला. मी पण मारेन. मित्र म्हणून हळू मारेन, पण मारेन.

हेडली : तुकडे इकडचे तिकडं झाले असतील.

मॉरीन : झाले नाहीत. आणि पाईत सेज घातलेलं नाही मी. एक पानसुद्धा नाही. मुद्दाम.

हेडली : तू दर वेळी घालतेस, म्हणून सवयीनं बोलून गेलो.

मॉरीन : आणि चीज? तेही सवयीनं?

हेडली : सर्दी झालीय मला.

मॉरीन : कधी झाली?

हेडली : झाली असेल परवा.

मॉरीन : हेडली. कधी?

हेडली : ...फेब्रुवारीत.

नॉरिस : फेब्रुवारीत? अरे, सप्टेंबर चालू आहे! एवढी सर्दी तर घोड्यालाही होत नाही.

हेडली : सर्दी नाही रे, गाढवा. तो ताप आला होता ना, आठवडाभर अंथरुणात होतो. उठलो तेव्हा नाक गेलेलं. आहे जाग्यावर, दिसतंय तुम्हाला. पण आत काही पोचत नाही. कॉफी नाही, कांदा नाही, साबण नाही. तुझी ही कुत्री नाही.

नॉरिस : हिचा वास येत नाही? मग अगदीच तोटा नाही झाला म्हणायचा.

मॉरीन : डॉक्टर काय म्हणाला?

हेडली : म्हणाला, वास परत आला तर येईल. एवढ्यासाठी मी तिथं पाऊण तास बसलो होतो.

मॉरीन : मला वाटतच होतं. मी त्या दिवशी कांदे जाळले, स्वयंपाकघर धुरानं भरलं, आणि तू दारात उभा राहून मला मॅच कशी हरलो ते सांगत होतास. म्हटलं, दुःखात आहे माणूस. मग परवा नासलेलं दूध चहात घातलंस आणि अर्धा कप प्यायलास. तेव्हा ठरवलं, ह्याला सेज नसलेली पाई द्यायची.

हेडली : म्हणजे आज शनिवारची तयारी वगैरे काही नव्हतंच.

मॉरीन : तीही होती. एका दगडात... जाऊ दे. सांगितलं का नाहीस मला?

हेडली : काय सांगू? पबवाल्याला वास येत नाही? आंधळ्यानं बस चालवायची?

नॉरिस : आमच्या डेपोत एक होता तसा. वेळेवर यायचा पण.

हेडली : आता लपवून तरी काय करायचंय. सोडतोच आहे मी.

मॉरीन : काय सोडतोयस?

हेडली : पब. जागा बिअरच्या कारखान्याची. त्यांच्याशी केलेला करार संपतोय. पुढची पाच वर्षं घेणार का, ते विचारायला त्यांचा माणूस आज पाचच्या आत फोन करणार आहे. मी नाही म्हणणार.

नॉरिस : काय म्हणणार?

हेडली : नाही.

नॉरिस : आणि मी कुठं बसू?

मॉरीन : अठरा वर्षं मी इथं पाई करतेय आणि हे मला आज, असं, चीज खाता खाता कळतंय?

हेडली : शनिवारनंतर सांगणार होतो. जेवण तेवढं नीट होऊन जाऊ दे म्हटलं.

मॉरीन : नाकापायी सोडणार?

हेडली : नाकापायी नाही! नाकाशिवाय मी चालवलं असतं. जिभेला कडू कळतं, गोड कळतं. गढूळ आहे का ते डोळ्याला कळतं. पिंपाची खुंटी सैल केली की आतली बिअर कशी फुसफुसते त्यावरनं ती तयार झाली का नाही हे कानाला कळतं. त्यात अजून कुणाच्या बापाला ऐकत नाही मी. पण कुणासाठी करू? बिटर पितं कोण आता?

मॉरीन : म्हणजे?

हेडली : बघत नाहीस का तू? पूर्वी आठवड्याला तीन पिंपं रिकामी व्हायची. आता एक संपता संपत नाही. अ‍ॅक्रॉइडबाई सफरचंदाच्या सायडरवर गेल्या, डॉक्टरनं सांगितलं म्हणून. हर्स्ट भाऊ-भाऊ बाटलीतली काळी बिअर मागतात. पाद्रीबुवा अर्धा ग्लास सोडून उठतात, दर वेळी कुणीतरी आजारी आठवतं त्यांना. लोकांची आवड बदलली, मॉरीन. मी आणि बिटर, दोघं मागं राहिलो. हा एकटा नॉरिस तेवढा पितो.

मॉरीन : नॉरिस.

नॉरिस : माझ्याकडं काय बघतेस? मी पितो म्हणाला ना तो.

मॉरीन : पितोस ते दिसतंय. पण पिताना तुझं तोंड असं का होतं? मी खिडकीतनं बघते रोज. देवळात टाचणी टोचल्यासारखं.

नॉरिस : माझं तोंड आहेच तसं.

मॉरीन : मी चहा पिणारी बाई, मला बिअरमधलं कळत नाही. तू सांग त्याला. बिटर कशी आहे?

नॉरिस : छान आहे.

मॉरीन : नॉरिस!

नॉरिस : म्हणजे... वेगळी आहे.

हेडली : वेगळी म्हणजे?

नॉरिस : अरे वेगळी म्हणजे... आपलं... मला वाटलं कारखान्यानं कृती बदलली. नवीन साहेब आला असेल, त्याला काहीतरी करून दाखवायचं असेल.

हेडली : वेगळी म्हणजे काय रे?

नॉरिस : फडकं. फरशी पुसायचं ओलं फडकं असतं ना, बादलीत रात्रभर राहिलेलं? तसं. पण रोज नाही! देवाशपथ रोज नाही. कधी चांगली असते. मग आठ-दहा दिवस फडकं. मग परत चांगली.

हेडली : कधीपासून?

नॉरिस : इस्टरनंतर.

हेडली : आणि तू पीत राहिलास.

नॉरिस : मग काय करू?

हेडली : सांगायचं! ग्लास परत द्यायचा! जगात कुठल्याही पबात बिअर खराब लागली तर ग्लास परत देतात आणि मालक एक शब्द न बोलता बदलून देतो. रीत आहे ती!

नॉरिस : दुसऱ्या पबात. खाली स्टेशनापाशी रोज परत देतात, त्याला काही वाटत नाही, निर्लज्ज आहे तो. पण हेडल्या, ह्या काउंटरवर तीस वर्षांत कुणी तुला ग्लास परत दिलेला नाही. एकानं नाही. आणि तो पहिला मी होऊ? तुझ्या लग्नात तुझ्या शेजारी उभा राहिलेला माणूस? त्यापेक्षा फडकं पितो मी. वर आणखी एक मागवून पितो, तुला शंका यायला नको म्हणून.

हेडली : आणि अ‍ॅक्रॉइडबाईंचा डॉक्टर?

नॉरिस : त्या दोन वर्षांत डॉक्टरकडं गेलेल्या नाहीत.

हेडली : हर्स्ट भाऊ?

नॉरिस : काळीनं त्यांचं पोट बिघडतं. तरी पितात बिचारे.

हेडली : पाद्रीबुवा?

नॉरिस : ते अर्धा ग्लास सोडत नव्हते. खिडकीतल्या झाडाला घालत होते.

हेडली : ते झाड मेलं!

नॉरिस : हो. फार मनाला लागलं त्यांच्या. त्या रविवारी प्रवचनसुद्धा झाडांवरच होतं.

हेडली : अख्खं गाव! अख्ख्या गावाला माहीत, आणि मी इथं रोज फेस किती बोटं आहे ते मोजतोय! मूर्ख बनवलंत मला.

मॉरीन : ए, आवाज खाली. त्यांनी तुला बनवलं, आणि तू काय केलंस? तुला नाक गेलं म्हणायची लाज, त्यांना ग्लास परत द्यायची लाज. वसंत गेला, उन्हाळा गेला, सगळे एकमेकांची मनं सांभाळत बसलात. अशानं हा पब बंद पडला असता, आणि दाराला कुलूप लावतानाही एकमेकांना ‘छान होतं हं सगळं’ म्हणाला असतात.

नॉरिस : म्हणालो असतो. नाहीतर काय म्हणणार?

हेडली : फडकं म्हणालास ना? ओलं फडकं?

नॉरिस : बादलीतलं.

हेडली : पाइप आहे तो. तळघरातनं पंपापर्यंत येणारा पाइप. पिंपात काही बिघाड नाही, बिअर चांगली आहे! सकाळी पाइपातली रात्रीची बिअर काढायची, हुंगायची, फेकायची. वास जरा वाकडा आला की पाइप धुवायचा. बाकीचे लोक ठरलेल्या वारी धुतात. मी कधी वार पाळला नाही. मला नाक होतं ना! फेब्रुवारीपासून मला सगळ्या सकाळी सारख्या. आठवण झाली की धुतोय, नाही झाली की नाही.

मॉरीन : म्हणजे लोकांची आवड बदललेली नाही.

हेडली : नाही गं. बिटर आहे तिथंच आहे. मीच तिला फडक्यातनं गाळून देत होतो. थांब. थांब जरा, नॉरिस. म्हणजे हा आत्ता तुझ्यासमोर आहे तो ग्लास?

नॉरिस : हं.

हेडली : हा पण?

नॉरिस : तू संत्र्याच्या सालीबद्दल बोलत होतास तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मॉरीन : ऐका आता दोघं. सकाळी आठला मी पाई भरायला येतेच. पाइपातली बिअर रोज मी हुंगणार. वाकडा वास आला की सांगणार. झालं. ह्यात सोडण्यासारखं काय आहे?

हेडली : तू? चहा पिणारी? आणि लँकशरची?

मॉरीन : ओलं फडकं दोन्हीकडं सारखंच येतं वासाला. अठरा वर्षं तुझ्या स्वयंपाकघरात मी मासा ताजा आहे का ते नाकानंच ठरवते. कुणी मेलंय का आतापर्यंत?

नॉरिस : झाडाशिवाय कुणी नाही.

हेडली : आणि गिऱ्हाइकांचं काय? सकाळी चांगली असलेली संध्याकाळी बिघडू शकते. कुणी तोंडच उघडणार नसेल तर?

मॉरीन : उघडतील. हा सुरुवात करेल. नॉरिस, ग्लास परत दे.

नॉरिस : कुठला?

मॉरीन : हाच. समोरचा. हेडलीला परत दे आणि सांग.

नॉरिस : हे बघ मॉरीन, आता त्याला कळलंय ना, मग परत मुद्दाम कशाला...

मॉरीन : दे.

नॉरिस : बरं. हेडली... म्हणजे गैरसमज करून घेऊ नकोस... तसं काही नाहीये, पण... आज हवा पण जरा दमट आहे...

मॉरीन : हवा काय दमट आहे?

नॉरिस : बसच्या पस्तीस पाशिंजरांसमोर ब्रेक निकामी झाला होता तेव्हा मला एवढा घाम फुटला नव्हता गं.

हेडली : बोल रे. मी इथंच आहे.

नॉरिस : हेडली, ही बिअर खराब आहे.

हेडली : ...दे इकडं. बदलून देतो.

नॉरिस : रागावलास?

हेडली : नाही.

नॉरिस : नक्की?

हेडली : तुझ्या आधी कुणी दिला असता तर रागावलो असतो बहुतेक. बस. पंपातनं नको आता. तळघरात जाऊन पिंपातनं सरळ भांडं भरून आणतो.

मॉरीन : तो खाली गेलाय तोवर डोळे पूस, नॉरिस.

नॉरिस : धूर गेला डोळ्यांत.

मॉरीन : चूल बंद आहे.

नॉरिस : मग चीज असेल. लँकशरचं आहे ना ते.

हेडली : हे घ्या. फेस नाही हिला, पंपातनं आली नाही म्हणून. दक्षिणेतल्यासारखी दिसतेय, चालवून घ्या एक दिवस. मॉरीन, हुंग.

मॉरीन : बिअरचा वास येतोय.

हेडली : बिअरचा येणारच! बिअरमध्ये काय येतंय ते सांग. नाक ग्लासात घाल. लाजू नकोस.

मॉरीन : थांब... कडू संत्र्याचा मुरंबा. भांड्याच्या तळाला लागलेला, जरासा करपलेला. आणि... गवत. कापून वाळत घातलेलं.

हेडली : वाळलेलं का ओलसर?

मॉरीन : आतनं अजून ओलसर.

हेडली : बरोबर. तेच ते. आता पाई दे, सेजवाली आहे ना एखादी? नॉरिस, तू सांग.

नॉरिस : घोट, घास, घोट... हां. आहे, सेज आहे. ते गवत आणि सेज एकमेकांना ओळखतात बघ. मघाशी बिनसेजची होती ती पाई आणि बिअर अनोळखी माणसांसारखी शेजारी बसली होती. ह्या दोघांची भेट झाली.

हेडली : मला कडू कळतंय, खारट कळतंय, वरचं कव्हर कुरकुरीत आहे ते कळतंय. बाकी तुम्ही म्हणता तर असेल. शनिवारी सेज घाल. चांगलं हात सोडून घाल.

मॉरीन : फोन वाजतोय.

नॉरिस : हेडल्या, फोन.

हेडली : ऐकतोय. तेवढं येतं मला अजून... हॅलो. हो, हेडलीच. हो, त्याबद्दलच म्हणालात तुम्ही... नाही, तब्येत ठीक आहे... पाच वर्षं ना? हो. नाही, विचार करून सांगतोय. झालाय करून... खप? खप वाढेल. पाइपात जरा घाण होती, निघाली... आणि साहेब, पुढच्या वेळी माझ्याकडं याल तेव्हा बिअर कशी वाटली ते खरं सांगा. हो, हो. तुम्हीसुद्धा. ठेवतो.

नॉरिस : तो पण पीत होता फडकं?

हेडली : जूनमध्ये आला होता. दोन ग्लास प्यायला आणि फार छान म्हणाला.

मॉरीन : आता मी भट्टी लावते. संध्याकाळचे लोक येतील, आणि त्यांच्याआधी तू पाइप धुवायचाय.

हेडली : धुतो. मॉरीन, जरा थांब. एक विचारू?

मॉरीन : लवकर विचार.

हेडली : ह्या खोलीला वास कसला येतो गं? आत्ता?

मॉरीन : आत्ता? ...लाकडाचा धूर मुरलाय भिंतींत, त्याचा. सांडलेल्या बिअरचा. तळलेल्या कांद्याचा. नॉरिसच्या ओल्या कोटाचा.

हेडली : म्हणजे सगळं होतं तसंच आहे.